रोगाची वाट अडवणाऱ्या सवयी

संसर्गजन्य रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो ठरलेल्या वाटेनेच. विषमज्वराचे जंतू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यावाटे किंवा अन्नावाटे दुसऱ्याच्या तोंडात पोहोचतात. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत येतात आणि श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. डेंगीच्या विषाणूला डासाची गरज लागते. लेप्टोस्पायरोसिसला उंदराचे मूत्र मिसळलेले पाणी आणि पायावरची एखादी चीर पुरते.

वाट कळली, की ती कुठे अडवायची हेही कळते. म्हणूनच लखलखीत फरशीच्या घरातही कावीळ शिरते आणि मातीच्या साध्या घरातली मुले पावसाळाभर ठणठणीत राहू शकतात. रोग अडतो तो योग्य जागी, योग्य वेळी केलेल्या छोट्या कृतीने. अशा कृती मोजक्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना साबण, उकळलेले पाणी आणि थोडे लक्ष याहून अधिक काही लागत नाही.

हात

पोटाच्या बहुतेक रोगांची वाट विष्ठेपासून तोंडापर्यंत जाते. या वाटेवर हात दोनदा येतो, एकदा शौचाच्या वेळी आणि एकदा जेवणाच्या वेळी. ज्या घरात कणीक हाताने मळली जाते, वरण-भात हाताने कालवला जातो आणि बाळाला घास हाताने भरवला जातो, तिथे हाताची स्वच्छता ही अन्नाचीच स्वच्छता असते.

किती जंतू पोटात गेल्यावर आजार होतो, हे प्रत्येक रोगात वेगळे असते. निरोगी माणसाला कॉलरा होण्यासाठी साधारणतः लाखो जंतू पोटात जावे लागतात, म्हणून तो मुख्यतः दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. रक्ती आमांश घडवणाऱ्या शिगेला जातीच्या जंतूंपैकी मात्र दहा ते शंभर जंतूही पुरतात. एवढे जंतू नखाच्या कोपऱ्यात सहज मावतात आणि हात पाहणाऱ्याला स्वच्छच दिसतो. ‘हात कुठे खराब आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर डोळे देऊ शकत नाहीत, ते या कारणाने.

हात धुण्याची ताकद आकड्यांत पहिल्यांदा दिसली ती १८४७ साली, व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात. तिथल्या एका प्रसूती विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. दुसऱ्या विभागात फक्त सुइणी काम करत. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने होणारे मृत्यू कितीतरी अधिक होते. १८४६ साली तिथे शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरने तपासणीआधी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरले. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा सिद्ध झालेला नव्हता, त्यामुळे असे का घडते हे झेमेलवाइसला पूर्णपणे सांगता आले नाही आणि अनेक समकालीन डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. आज कोणत्याही रुग्णालयात हात धुणे हा पहिला नियम आहे. घरांच्या पातळीवरही साबणाने हात धुण्याची सवय लावल्यास मुलांमधील जुलाबाचे प्रसंग सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, असे अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित विचार करता दिसते.

साबण काम करतो तो त्याच्या रेणूच्या रचनेमुळे. रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. हातावरचा तेलकट थर, त्यात अडकलेला मळ आणि जंतू हे सारे साबणाचे रेणू चहूबाजूंनी वेढतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. कोरोना किंवा फ्लूच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. ते साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. साबण महाग असायला हवा, ‘जंतुनाशक’ असायला हवा किंवा पाणी गरम असायला हवे, अशी अट नाही. साधी वडी आणि थंड पाणी पुरते. लागतो तो वेळ: निदान वीस सेकंद चोळणे, म्हणजे सावकाश वीसपर्यंत मोजणे.

घाईत धुतलेल्या हातावर काही जागा हमखास सुटतात. तळहात घासले जातात. अंगठे, बोटांची टोके, बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची कातडी कोरडीच राहते. नेमकी बोटांची टोकेच घास उचलतात. म्हणून एका हाताची नखे दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासणे आणि प्रत्येक अंगठा मुठीत धरून फिरवणे, या दोन गोष्टी केल्या की धुणे खऱ्या अर्थाने पूर्ण होते. ओल्या हातावरून जंतू अधिक सहज इकडून तिकडे जातात, म्हणून हात कोरडे करणे हाही धुण्याचाच भाग आहे. दिवसभर वापरलेल्या पदराला किंवा मोरीजवळच्या ओलसर फडक्याला हात पुसले, तर धुतलेले पुन्हा खराब होतात. रोज धुतलेला, उन्हात वाळवलेला पंचा पुरतो. तो नसेल तर हात हवेत झटकून वाळू देणे चांगले.

हात धुण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाला हात लावण्याआधी, जेवण्याआधी आणि भरवण्याआधी. आजारी माणसाची शुश्रूषा केल्यावर, जनावरांना हात लावल्यावर आणि बाहेरून घरी आल्यावरही हात धुवावेत. दिवसातून कितीदा धुतले यापेक्षा या वेळा चुकल्या नाहीत ना, याला अधिक महत्त्व आहे.

साबण नसेल तेव्हा गावाकडे राख किंवा माती वापरण्याची जुनी पद्धत आहे. चुलीतील ताज्या राखेने घासले जाते आणि तिच्या क्षारतेचाही उपयोग होतो, म्हणून नाइलाजाने ती चालेल. अंगणातील किंवा शेतातील मातीत मात्र जंतांची अंडी आणि धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, ती टाळावी. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असावे लागते. प्रवासात तो सोयीचा आहे, पण हात चिखलाने किंवा तेलाने माखलेले असतील तर निरुपयोगी ठरतो. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवरही त्याचा परिणाम कमी होतो; तिथे साबण आणि पाण्याला पर्याय नाही.

पिण्याचे पाणी

डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पुरानंतर नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले होते. पाण्यात तुरटी आणि क्लोरिनचे प्रमाण वाढवले गेले, त्यामुळे विषमज्वराचे जंतू आटोक्यात राहिले. विषाणू मात्र निसटला. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या पुढच्या तपासणीत ही साथ आज ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतात त्या विषाणूची होती, असे दिसून आले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा विषाणू फार घातक ठरतो. अशा स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. घरात गरोदर स्त्री असेल तर पावसाळ्यात पाणी उकळूनच द्यावे, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

पाणी शुद्ध करण्याचे तीन टप्पे असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिला टप्पा गाळ बसवण्याचा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती तळाशी बसते, पण त्याने जंतू मरत नाहीत. दुसरा टप्पा गाळण्याचा. जुन्या, मऊ सुती कापडाच्या चार घड्या करून पाणी गाळल्यास पाण्यातील सूक्ष्म प्राणी आणि त्यांना चिकटलेले कॉलऱ्याचे जंतू अडतात. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. सुटे जंतू आणि विषाणू मात्र कापडातून आरपार जातात.

तिसरा टप्पा जंतू मारण्याचा आणि तोच निर्णायक. पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवले की पुरे होते. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे लागतात. महाबळेश्वरची उंचीही याहून कमी असल्याने महाराष्ट्रातील गावांत एक मिनिटाचा नियम चालतो. इंधन परवडत नसेल तेथे क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रावण वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून पाणी अर्धा तास झाकून ठेवावे. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन गाळातच खर्च होतो, म्हणून आधी गाळणे आवश्यक असते.

शुद्ध केलेले पाणी घरातच पुन्हा खराब होते, हा या साखळीतला सर्वात दुर्लक्षित दुवा. माठावरचे झाकण काढून पेला आत बुडवला की पेल्याबरोबर चार बोटेही पाण्यात बुडतात. सकाळी उकळलेले पाणी दुपारपर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या बोटांचे पाणी झालेले असते. याला उपाय म्हणजे लांब दांड्याचे ओगराळे किंवा माठाला बसवलेला नळ. ओगराळे जमिनीवर किंवा ओट्यावर न ठेवता खुंटीला टांगावे, माठ रोज रिकामा करून आतून घासावा आणि उकळलेले पाणी शक्यतो त्याच भांड्यात झाकून ठेवावे.

अन्न

शिजवताना अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोहोचले की बहुतेक रोगजंतू मरतात. धोका उरतो तो शिजवल्यानंतर. ५ ते ६० अंश या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि आपल्याकडच्या स्वयंपाकघराचे तापमान वर्षभर याच टप्प्यात असते. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू नये.

भाताची गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजताना ते मरत नाहीत. भात पातेल्यात तसाच कोमट राहिला की बीजाणू जागे होतात, वाढतात आणि उलटी घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही कडकडीत फोडणी दिली, तरी विष तसेच राहते. फोडणीचा भात करायचा असेल तर उरलेला भात रात्रीच परातीत पसरून लवकर गार करावा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच भात शिजवणे हा खात्रीचा मार्ग आहे.

कच्च्या मांसातील जंतू सॅलडमध्ये किंवा कोशिंबिरीत जातात ते विळी, सुरी आणि हात यांच्यामार्फत. मासळी किंवा चिकन कापलेल्या विळीवरच काकडी चिरली, तर मांसाचे जंतू शिजतात आणि काकडीवरचे तसेच पोटात जातात. कच्चे खायचे पदार्थ आधी चिरून बाजूला ठेवावेत आणि मांस शेवटी कापावे. नंतर विळी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. चिकन जोरात वाहणाऱ्या नळाखाली धुतल्यास शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, हेही ध्यानात ठेवावे. ओटा, ताटे आणि हात पुसायला एकच फडके वापरले की ते ओलसर फडकेच जंतूंचे घर बनते. प्रत्येक कामाला वेगळे फडके आणि रोज कडक ऊन, एवढे केले की हा प्रश्न मिटतो.

स्वयंपाक करणारी व्यक्ती निरोगी दिसत असली तरी तिच्या शरीरात जंतू असू शकतात. मेरी मॅलन ही न्यूयॉर्कमधील स्वयंपाकीण याचे प्रसिद्ध उदाहरण. तिने काम केलेल्या एकामागून एक घरांत विषमज्वराचे रुग्ण आढळले. तिला स्वतःला मात्र काहीच त्रास नव्हता. १९०७ साली तिच्या विष्ठेत जंतू सापडले. शिजवलेल्या पदार्थांतले जंतू उष्णतेने मरत. न शिजवता हाताने केलेल्या पदार्थांतून ते पसरत. घरच्या कार्यात पंगत वाढताना, प्रसाद वाटताना किंवा गाडीवर खाद्यपदार्थ विकताना हीच गोष्ट लागू पडते. जुलाब किंवा उलट्या होत असलेल्या व्यक्तीने, बरे वाटू लागल्यावरही निदान दोन दिवस, इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

शौच, नखे आणि चपला

उघड्यावरील विष्ठेतील जंतू पाणी, माशा, शेतातली भाजी आणि हात अशा अनेक वाटांनी फिरतात. शौचालय या सगळ्या वाटा मुळाशीच बंद करते. मात्र ते घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी वापरले पाहिजे. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्यातही मोठ्यांना आजारी पाडणारे जंतू असतात. ती अंगणात किंवा गटारात न टाकता शौचालयातच टाकावी आणि दुपटी वेगळी धुवावीत.

गोल जंताची अंडी मातीतून नखांत आणि नखांतून तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीत उघड्या पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरते आणि पुढे हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. मुलांमधील रक्तक्षयाचे ते एक कारण आहे. आठवड्याला नखे कापणे, शेतात आणि शौचाला चप्पल घालून जाणे, भाजी वाहत्या पाण्यात धुणे हे त्यावरचे उपाय. शाळा आणि अंगणवाड्यांत मुलांना दिली जाणारी जंतनाशक गोळी शरीरातील जंत काढते, पण माती आणि हात तेच राहिले तर जंत पुन्हा होतात.

खोकला, शिंक आणि थुंकी

खोकताना आणि शिंकताना बाहेर पडणारे मोठे थेंब साधारण एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात. अगदी बारीक थेंब सुकून हवेत तासन्‌तास तरंगतात. क्षय आणि गोवर पसरतात ते या तरंगत्या कणांतून. तळहातावर खोकले की जंतू दाराची कडी, नोटा आणि मोबाईल यांवर जातात. म्हणून रुमाल किंवा दुमडलेल्या कोपराची बाही तोंडावर धरावी. सर्दी-खोकला असताना बस, लोकल आणि दवाखान्यात मास्क लावणे ही शेजाऱ्याची काळजी आहे.

हवेतल्या जंतूंवर सर्वात स्वस्त औषध म्हणजे मोकळी हवा. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा बदलते आणि जंतू विरळ होतात. सूर्यप्रकाशाने क्षयाचे जंतू मरतात. पंख्याने हवा फिरते, पण खिडकी बंद असेल तर तीच हवा फिरत राहते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

साचलेले पाणी

डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास घाणेरड्या गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो: कूलर, फुलदाणी, फ्रिजमागची ताटली, गच्चीवरचा टायर, उघडी टाकी. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे गणित यावरच आधारलेले आहे. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरताच उबतात. म्हणून पिंपाच्या आतल्या कडा काथ्याने घासून काढाव्यात आणि मगच पाणी भरावे.

पुराच्या पाण्याचा धोका वेगळा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर जखम झाकावी, गमबूट घालावेत, घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

घरात कोणी आजारी असेल तेव्हा

आजाऱ्याचा टॉवेल, पेला आणि ताट वेगळे ठेवावे. त्याची खोली हवेशीर असावी. उलटी किंवा जुलाब सांडल्यास आधी कागदाने किंवा जुन्या कपड्याने पुसून घ्यावे, मग ब्लीचिंग पावडरच्या किंवा हायपोक्लोराइटच्या द्रावणाने फरशी ओली करून काही मिनिटे तशीच ठेवावी. हे द्रावण आम्लयुक्त शौचालय-क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या आणि विजेची बटणे रोज पुसावीत. वेगळे ताट देताना आजाऱ्याला परके वाटू नये, याचीही काळजी घ्यावी. वेगळे ठेवायचे ते जंतूंना, माणसाला नव्हे.

सवय आणि गाव

माहिती असूनही सवय लागत नाही, याचे कारण बहुधा जागेत असते. साबण न्हाणीघरात आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असेल तर हात नुसत्या पाण्याने धुतले जातात. शौचालयाजवळ एक आणि ताटे मांडतात तिथल्या मोरीजवळ एक, अशा दोन वड्या ठेवल्या की आठवण करून द्यावी लागत नाही. मुले सांगितलेले कमी आणि पाहिलेले अधिक शिकतात. घरातली मोठी माणसे पानावर बसण्याआधी हात धुतात, हे रोज दिसले की ती सवय आपोआप उतरते.

काही वाटा मात्र एका घराला अडवता येत नाहीत. फुटलेली जलवाहिनी, उघडे गटार, विहिरीभोवतालचा चिखल ही गावाची कामे आहेत. गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करत. दिवसा झाडलेल्या रस्त्यावर सारा गाव येऊन बसे. त्यांच्याच नावाने राज्यात २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे आणि टाकीत ब्लीचिंग पावडर नियमित पडते का, हे ग्रामसभेत विचारणे हीदेखील आरोग्याची सवय आहे. नळाच्या पाण्यात, शेवटच्या घरापर्यंतही, प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा लागतो. तो तिथवर पोहोचला, पाणी झाकलेल्या माठात राहिले आणि ओगराळ्याने पेल्यात आले, म्हणजे ही वाट दोन्ही टोकांना अडवली गेली.